डोंगराची गुणपत्रिका

गेल्या पौषांत कांहीं घरगुती कामानिमित्त आमच्या मूळ गांवीं जाण्याचा योग आला. गांव रायगड जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं. घराच्या मागील दारीं उभें राहिलें, कीं विहीर, विहिरीपलीकडे आंब्याचीं चार झाडें, आणि त्यांच्या शेंड्यांवर एकदम काळा कडा. लहानपणीं हा कडा आम्हांस घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा वाटे. त्याच्याकडे पाठ करून आम्ही निर्धास्त निजत असूं. आतां मात्र आमच्या थोरल्या चुलतबंधूंच्या घरीं त्याच्याविषयीं बोलतांना सर्वांचा आवाज खालीं येतो. कारण आदल्या श्रावणांत एका पहाटे गाडीच्या चाकाएवढा धोंडा वरून सुटला, आंब्याच्या बुंध्यास घांसला आणि गोठ्याचें छप्पर फोडून आंत येऊन बसला. गाई त्या दिवशीं सुदैवानें पडवींत बांधलेल्या होत्या. धोंडा अजून गोठ्यांतच आहे. तो बाहेर काढावयाचा म्हणजे भिंत पाडावी लागेल, म्हणून वहिनींनीं त्यावर गोवऱ्या रचून ठेवल्या आहेत.

आम्ही जाण्यापूर्वीं आठ दिवस, घाटांतील रस्त्याच्या कामासाठीं आलेल्या एका मंडळानें गांवावरील कड्याचीही तपासणी केली होती. दादांनीं आम्हांस तो कागद दाखविला. त्यावर पुष्कळ आंकडे होते, आणि अखेरीस ठळक अक्षरांत '६५ — चांगला' असा शेरा होता. "तूं जन्मभर गुण देत आलास," दादा म्हणाले, "तेव्हां तूंच सांग. हा पास झाला, कीं नापास?"

आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत गुण दिले. संस्कृताच्या उत्तरपत्रिकेंत एखादें रूप चुकलें, तर पाव गुण कापावा कीं अर्धा, यावर सहकाऱ्यांशीं तासन् तास वाद घातले. परंतु डोंगरालाही परीक्षा द्यावी लागते आणि त्याचेही परीक्षक असतात, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळली. "पास झालेला दिसतो," असें कांहीं तरी गुळमुळीत बोलून आम्हीं वेळ मारून नेली. तोंच वहिनी आंतून म्हणाल्या, "भावोजी, मग गाई पुन्हां गोठ्यांत बांधूं ना?" आम्हांस उत्तर देतां येईना.

पुण्यास परत आल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. भूगर्भशास्त्राचा अभ्यास करून त्याचा सारा जन्म धरणें, बोगदे आणि घाटरस्ते यांच्या पाहणींत गेला आहे. वर्गांत असतांना शब्दरूपांत त्यास फारशी गति नव्हती; पण शाळेच्या मागच्या टेकडीवरून दगड आणून बाकाखालीं लपविण्यांत तो पटाईत होता. कागद पाहून तो हंसला नाहीं. "गुरुजी, बेरीज बरोबर आहे," तो म्हणाला, "पण प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेची आहे." पुढें दोन रविवार त्यानें आम्हांस जें समजावून दिलें आणि माघांत आमच्याबरोबर गांवीं येऊन जें दाखविलें, तेंच येथें सांगण्याचा विचार आहे. आमच्या वाचकभगिनींपैकीं कित्येकींचें माहेर किंवा सासर कोंकणांत वा घाटमाथ्यावर असेल. त्यांस हा विषय परका वाटूं नये.

खडकाला गुण देण्याची ही पद्धत मुळांत बोगदे खणणारांची. डोंगराच्या पोटांत शिरावयाचें, तर वरचें ओझें किती आणि टेकू कोणत्या प्रतीचा द्यावयाचा, हें आधीं कळलें पाहिजे. टेर्झागी या विख्यात स्थापत्यज्ञानें १९४६ सालीं बोगद्यांतील पोलादी कमानींसाठीं खडकांचे वर्ग पाडले. पुढें अमेरिकेंत डीअर यानें एक सोपी युक्ति काढली: जमिनींत भोंक पाडून खडकाची लांबच लांब कांडी बाहेर काढावयाची आणि तिच्यांतील दहा सेंटिमीटर वा त्याहून लांब असे अखंड तुकडे एकूण लांबीच्या शेंकडा किती, तें मोजावयाचें. या शेंकडेवारीस आर. क्यू. डी. म्हणतात. दक्षिण आफ्रिकेंत काम करणाऱ्या बेनिआव्स्की यानें १९७३ सालीं या शेंकडेवारीला आणखी कांहीं विषयांची जोड देऊन शंभर गुणांची पुरी परीक्षाच तयार केली, ती आर. एम. आर. या नांवानें जगभर चालते. दुसऱ्याच वर्षीं नॉर्वेंत बार्टन व त्याचे दोघे सहकारी यांनीं आपली वेगळी पद्धत सांगितली. तीही बोगद्यांवरच आधारलेली होती.

बेनिआव्स्कीच्या परीक्षेंतील विषय असे. दगड स्वतः किती बळकट, यास १५ गुण. वरील शेंकडेवारीस २०. दोन भेगांमधील अंतरास २०. भेगांच्या स्थितीस, म्हणजे त्या खडबडीत आहेत कीं गुळगुळीत, मिटलेल्या कीं मातीनें भरलेल्या, यास ३०. आणि पाण्यास १५. ६० च्या वर गेला तो चांगला, ८० च्या वर गेला तो उत्तम, आणि ४० च्या आंत राहिला तो वाईट. भेगांना या शास्त्रांत सांधे म्हणतात. येथें आमच्या जुन्या व्यवसायाची खोड मध्येंच डोकें वर काढते: व्याकरणांत संधि म्हणजे दोन वर्णांचें एक होणें, आणि खडकांत सांधा म्हणजे एकाचे दोन होण्याची जागा! असो.

ही परीक्षा उतारांस लावावयाची, तर भेग कोणत्या दिशेस कललेली आहे, यावर सर्व अवलंबून. भेग उताराच्या बाहेर कललेली असेल, तर वरचा दगड घसरगुंडीवरील पोराप्रमाणें खालीं येणार. आंत कललेली असेल, तर तो जागींच राहणार. बेनिआव्स्कीनें यासाठीं ६० पर्यंत गुण कापण्याची मुभा ठेवली होती, परंतु कापावयाचे कसे, तें नीट सांगितलें नव्हतें. ही उणीव स्पेनमधील रोमाना यानें १९८५ सालीं भरून काढली. भेगेची व उताराची दिशा, भेगेचा कल आणि दोहोंच्या कलांतील फरक, या तिहींचा गुणाकार करून तो मूळ गुणांतून वजा करावयाचा. आणि उतार कसा तयार झाला, त्याचे गुण अखेरीस मिळवावयाचे. निसर्गतः असलेल्या उतारास १५ गुण अधिक, आणि वाईट सुरुंगांनीं फोडलेल्या उतारास ८ गुण उणे. या पद्धतीस एस. एम. आर. म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोनेंही १९९७ सालीं तिला आपल्या मानकांत स्थान दिलें. दादांच्या हातांतील कागद त्याच पद्धतीचा होता.

आतां आमचा सह्याद्रि पाहा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला आणि थरावर थर असा पसरत गेला. आजही त्याचा विस्तार सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. दूरवरून घाटाकडे पाहिलें, कीं पायऱ्या दिसतात. या खडकाचें 'ट्रॅप' हें नांवही स्कँडिनेव्हियांतील पायरी या अर्थाच्या शब्दावरूनच पडलें. एकेक पायरी म्हणजे सामान्यतः रसाचा एकेक लोट. त्या लोटाचा कांहीं भाग सावकाश निवून घट्ट झाला. तो आपला काळा पाषाण, ज्याचीं देवळें आणि जातीं झालीं. निवतांना तो आंकसला आणि उभ्या भेगांनीं चिरला गेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर या भेगांनीं घडविलेले खांब कोणासही पाहतां येतात. लोटाच्या दुसऱ्या भागांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या व पुढें त्यांत पांढरे, हिरवे स्फटिक भरले; विहिरी खणणारे यास मांजऱ्या म्हणतात. आणि दोन लोटांच्या मध्यें पुष्कळ ठिकाणीं विटेसारखा लाल असा पातळ थर सांपडतो. त्यास आम्ही लहानपणीं गेरू म्हणत असूं. तुळशीवृंदावन सारवण्यासाठीं तो कड्याखालून आणण्याचें काम आम्हां मुलांकडेच असे.

या तिघांस एकाच वर्गांत बसवून बेनिआव्स्कीची प्रश्नपत्रिका दिली, तर काय होतें? आमच्या विद्यार्थ्यानें पाटावर कागद ठेवून आमच्यासमोर गुण मांडले. काळा पाषाण अतिशय बळकट, म्हणून १५ पैकीं १२. परंतु तो चिरलेला असल्यानें कांडीचे तुकडे होतात. शेंकडेवारी साठ धरली, तर १३. भेगांमधील अंतर हात-दीड हात, त्याचे १०. भेगा किंचित् खडबडीत, किंचित् झिजलेल्या, त्यांचे २५. तपासणी पौषांत झाली, सर्व कोरडें, म्हणून पाण्याचे पुरे १५. एकूण ७५. आतां मांजऱ्या घ्या. बळकटींत तो बेताचा. त्यास ४ च गुण. पण त्यांत भेगा जवळजवळ नाहींतच! कांडी अखंड निघते, म्हणून २० पैकीं २०. भेगांच्या अंतरास २० पैकीं २०. उरलेल्या दोन विषयांत पूर्वींप्रमाणें २५ आणि १५. एकूण ८४, म्हणजे उत्तम.

"गुरुजी, येथेंच पहिली फसगत," तो म्हणाला. मांजऱ्यांतील कांहीं जाति उघड्यावर आल्या, कीं थोड्याच वर्षांत फुटूं लागतात. त्यांच्या पोकळ्यांत क्लोरोफिआइट नांवाचें एक हिरवें-काळें द्रव्य असतें. ओल आणि ऊन यांच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्यानें तें बदलतें व दगडाचा भुगा करतें. बोगदा खणून लगेच त्यास सिमेंटचें अस्तर दिलें, तर हा खडक खरोखरच गुणाचा आहे. सह्याद्रींतील बोगदे खणणारांस त्याचा चांगला अनुभव आहे. पण घाटाच्या कापलेल्या भिंतींत तो चार महिने पाऊस खाणार आणि आठ महिने ऊन. खणण्याच्या दिवशींची परीक्षा त्याच्या दहाव्या वर्षाचें भाकीत करूं शकत नाहीं. यासाठीं एक निराळी परीक्षा आहे. सुमारें अर्धा किलो वजनाचे दहा तुकडे जाळीच्या पिंपांत घालून तें पाण्यांत दहा मिनिटें फिरवावयाचें, तुकडे वाळवावयाचे, पुन्हां फिरवावयाचें, आणि शेवटीं किती दगड शिल्लक राहिला तें मोजावयाचें. मूळच्या शंभर गुणांत या परीक्षेला एकही गुण नाहीं. आमच्याकडे ती सक्तीची असावी, असें त्याचें म्हणणें. आणि आम्हांस तें पटलें.

दुसरी फसगत गेरूची. त्यास स्वतंत्रपणें गुण दिले, तर कोरड्या दिवसांत जेमतेम २४ मिळतात. पाऊस सुरू होऊन पाणी वाहूं लागलें, कीं पाण्याचे १५ गेले आणि उरले ९. परंतु कागदावर त्याचें नांवही नव्हतें! कड्याचा तो भाग सुमारें वीस मीटर उंच, आणि गेरू अर्धा मीटर. परीक्षकानें सर्वांची सरासरी काढली असती, तरी ७५ चे फार तर ७४ झाले असते. शाळेंत आम्हीं असे विद्यार्थी पाहिले आहेत, ज्यांची सरासरी सुरेख आणि गणितांत भोपळा. अशा मुलास आम्हीं कधीं कधीं वरच्या वर्गांत ढकललेंही आहे. त्यानें कोणाचें घर पडलें नाहीं. कड्याच्या बाबतींत मात्र वरचे वीस मीटर त्या अर्ध्या मीटरवर उभे आहेत. प्रत्येक पावसाळ्यांत गेरू फुगतो, सुटतो, बोटभर मागें सरतो. वरचा पाषाण जागींच राहतो आणि त्याचा छज्जा होतो. छज्जा पुरेसा पुढें आला, कीं मागील उभी भेग उघडते, तींत पाणी भरतें, आणि मग एखाद्या पहाटे गोठ्याचें छप्पर फुटतें. रोमानाच्या कोष्टकांत दगड घसरण्यास जागा आहे, उलथून पडण्यास जागा आहे. पण पायाखालची माती गेल्यामुळें लोंबकळत राहिलेल्या छज्जास रकाना नाहीं.

तिसरी गोष्ट दिशेची. ज्या देशांत डोंगरांचे थर वांकलेले, दुमडलेले असतात, तेथें थराचा कल हाच घाताचा मुख्य धनी. आमचे थर बहुतेक आडवे, (पनवेलच्या बाजूस ते पश्चिमेकडे झुकलेले आहेत, तेथें हें विधान लागू नाहीं.) आडव्या थरासाठीं रोमाना फार तर ९ गुण कापतो. उभ्या भेगांमुळें खांब उलथण्याचा संभव धरला, तर अधिकांत अधिक २५. आमच्या कड्यास हे २५ कापले, हें परीक्षकानें योग्यच केलें. पण पुढें निसर्गनिर्मित उतार म्हणून १५ परत दिले. ७५ मधून २५ गेले, १५ आले, झाले ६५. हे १५ म्हणजे कड्याच्या वयाला दिलेला मान होय. इतकीं वर्षें उभा आहे, तेव्हां अजून उभा राहील! आम्ही स्वतः साठी ओलांडलेले असल्यानें या तर्कावर आमचा फारसा विश्वास नाहीं. जो कडा गेरूच्या झिजण्यानें दरवर्षीं मागें सरत आहे, त्याचें वय हें त्याच्या बळकटीचें प्रमाणपत्र कसें व्हावें?

आणि पाणी! कोंकणांतील कडा पौषांत तपासणें म्हणजे उपवासाच्या दिवशीं एखाद्याची भूक अजमावणें. तोच कडा आषाढांत पाहिला, तर पाण्याचे १५ गुण शून्य होतात. ६५ चे ५० होतात आणि 'चांगला' हा शेरा पुसून 'मध्यम' लिहावा लागतो. दगड तोच, भेगा त्याच. फक्त पंचांगाचें पान उलटलें.

इतकें ऐकल्यावर आम्ही रागानें म्हणालों, "मग ही परदेशी परीक्षा बंदच करा!" यावर आमचा विद्यार्थी कानांस हात लावून म्हणाला, "गुरुजी, दोष परीक्षेचा नाहीं. रोमानानेंच 'चांगला' या वर्गापुढें लिहून ठेवलें आहे, कीं उतार स्थिर, परंतु कांहीं ठोकळे निखळतील. आणि उतार बिघडण्याचा संभव पांचांत एक. कागद भरणारानें तें वाक्य गाळलें." आम्हीं कागद उलटून पालटून पाहिला. खरेंच, तें वाक्य नव्हतें. रस्ता बांधणाराच्या दृष्टीनें कांहीं ठोकळे निखळणें ही सहन होण्याजोगी गोष्ट असेल. तो गटार रुंद करील, जाळी लावील, सकाळीं दगड उचलून नेईल. वहिनींच्या दृष्टीनें एक ठोकळा पुरे आहे.

परीक्षा आपल्या शाळेस जुळवून घेण्याचें काम इतरांनींही केलेलें आहे. ग्रीस देशांत वालुकाश्म आणि चिकण दगड यांचे एकाआड एक थर असलेला 'फ्लिश' नांवाचा खडक आहे. कठीण आणि मऊ यांचा हा संसार आमच्या पाषाण-गेरूसारखाच. मारिनोस व होक यांनीं २००१ च्या सुमारास त्याच्यासाठीं वेगळें कोष्टक तयार केलें. आपल्याकडे हिमालयासाठीं अनबलगन यांनीं १९९२ सालीं एक पद्धत सांगितली; खडक, त्याची रचना, उताराचा कोन, उंची, जमिनीवरील झाडोरा व वापर, आणि पाणी, या सहा गोष्टींस मिळून १० गुण, आणि गुण जितके अधिक तितका धोका अधिक. तिच्यावरच पुढें १९९८ चें भारतीय मानक आधारलें. हिमालयाच्या दुमडलेल्या, भंगलेल्या खडकांतून निघालेलीं हीं वजनें जशींच्या तशीं आडव्या थरांच्या सह्याद्रीवर लादावीं काय, हा प्रश्न उरतोच. काशीच्या पंचांगावर कोंकणांतील पेरणीचा दिवस कोणी धरीत नाहीं.

मग आपल्या डोंगरांसाठीं काय करावें? त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. कड्याची सरासरी कधींही काढूं नये. थरागणिक वेगळी गुणपत्रिका करावी, आणि जो थर खालीं असून सर्वांत अशक्त, त्याचे गुण हेच वरच्या सर्वांचे गुण समजावे. छज्जा किती पुढें आला तें टेपनें मोजून, त्याच्या उंचीशीं ताडून, त्याचे वेगळे गुण कापावे. पाण्याचा विषय भर पावसांतच तपासावा. तें न जमल्यास पाणी वाहत आहे असेंच धरून चालावें. मांजऱ्यास त्या पिंपाच्या परीक्षेवांचून उत्तीर्ण करूं नये. काळ्या पाषाणाचे खांब सर्व बाजूंनीं चिरलेले असल्यानें कोणती ना कोणती भेग कड्याच्या तोंडाशीं समांतर असणारच. तेव्हां दिशेच्या नांवाखालीं सूट देऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जे उतार पूर्वीं कोसळले आहेत, त्यांच्या व्रणांपाशीं जाऊन, ते कोसळण्यापूर्वीं आपल्या परीक्षेंत किती गुण मिळवते, तें काढून पाहावें. कोसळलेल्यांना 'चांगला' शेरा मिळत असेल, तर नापास आपण झालों. हें शेवटचें वाक्य ऐकून आम्हांस कबूल करावें लागलें, कीं छत्तीस वर्षांत आम्हीं आमच्या प्रश्नपत्रिका अशा रीतीनें एकदांही तपासून पाहिल्या नाहींत.

व्रणांची उणीव आमच्याकडे नाहीं. २२ जून २००३ च्या रात्रीं कोंकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीमुळें गाडी घसरून पन्नासांवर माणसें गेलीं; दुसऱ्याच वर्षीं जूनमध्यें महाड तालुक्यांत पुन्हां रुळांवरील धोंड्यांनीं अपघात केला. त्यानंतर त्या मार्गावर कापलेले उतार कमी केले, जाळ्या बसविल्या आणि पावसाळ्यांत गाड्यांचा वेग उतरविला. जुलै २०१५ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दगड पडून दोघे प्रवासी दगावले. मग तेथेंही पोलादी जाळ्या आल्या.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर वाचकांचा मोठा गैरसमज होईल. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या ठिकाणीं जें घडलें, तें या खडकांच्या गुणपत्रिकेनें कळलें नसतें. माळीण येथें सुमारें दीडशें माणसें गेलीं, तळीये येथें ऐंशींहून अधिक. तेथें मुख्यतः खडकावरील माती, मुरूम आणि जुना ढासळलेला राडारोडा पाण्यानें जड होऊन एकदम खालीं आला. खालचा पाषाण कितीही गुणवान् असो, त्याच्या अंगावरची गोधडी सुटली, तर त्यास काय करणार? इर्शाळवाडी तर धोक्याच्या गांवांच्या यादींतही नव्हती. तेव्हां ज्यांचीं घरें कड्याखालीं आहेत त्यांनीं दगडाची, आणि ज्यांचीं मातीच्या उतारावर आहेत त्यांनीं मातीची चौकशी करावी. उतारावर चंद्रकोरीसारखी भेग पडणें, झाडें व विजेचे खांब कलणें, स्वच्छ झऱ्याला एकाएकीं गढूळ पाणी येणें, नीट लागणारें दार अडूं लागणें, हीं मातीच्या हालचालीचीं लक्षणें. तीं दिसल्यावर कागदाची वाट पाहूं नये. जांभ्याच्या सड्याखालीं राहणारांनीं जांभ्याखालची पांढरी चिकण माती उघडी पडली आहे कीं काय, तेंही पाहावें. गेरूचेंच काम तेथें ती करते.

माघांत आम्ही दोघे गांवीं गेलों. विद्यार्थ्यानें कड्याच्या बुडाशीं जाऊन गेरूच्या थरांत वीतभर लांबीचे बारा लोखंडी खिळे डोक्यापर्यंत ठोकले. थर जसजसा मागें जाईल, तसतसे खिळे बाहेर दिसूं लागतील. जितकें बाहेर, तितका थर गेला. छज्जा त्यानें मोजला, तो एके ठिकाणीं दीड मीटर भरला. कड्याच्या माथ्यावर चढून उभ्या भेगेच्या दोन्ही कांठांवर त्यानें रंगाच्या खुणा केल्या. पुतण्यास सर्व समजावून दिलें. तो महाविद्यालयांत शिकतो. आमच्यापेक्षां लवकर समजला.

रात्रीं जेवतांना दादांनीं तोच प्रश्न विचारला. विद्यार्थी म्हणाला, "काका, मीं मांडलेल्या गुणांत तुमच्या घरामागचा हा भाग चाळिसाच्या खालीं जातो. गोठा सोडावाच लागेल. घर कड्यापासून लांब आहे, पण आंब्याचीं झाडें आहेत तोंवरच. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत मागल्या खोल्यांत कोणीं निजूं नये." दादांनीं मान हालविली. नव्वदी ओलांडलेल्या काकू भिंतीशीं टेकून बसल्या होत्या. मागली खोली त्यांचीच. त्या आम्हांस म्हणाल्या, "बाळ, साठ-सत्तर पावसाळे मीं त्याच खोलींत काढले. पहाटे उठून कड्याकडे पाहिल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखें वाटत नाहीं." त्यावर कोणाच्यानें कांहीं बोलवेना. विद्यार्थीही ताटाकडे पाहत राहिला.

तपासणी करणाऱ्या मंडळास आम्हीं सविस्तर पत्र लिहिलें; त्यांत थरागणिक गुण, छज्जाचें माप आणि गोठ्यांतील धोंड्याचें छायाचित्र जोडलें. पोंच आली. पुढें कांहीं आलें नाहीं.

गोठा मात्र चैत्रांत हलविला. पुढच्या अंगणांत पत्र्याचें छप्पर घालून गाई तेथें आणल्या. आंबे तोडावयाचे नाहींत, हेंही ठरलें. काकू ज्येष्ठ लागतांच माजघरांत आल्या. वहिनींनीं त्यांची खाट अशा कोपऱ्यांत लावली आहे, कीं दार उघडें ठेवलें, तर विहिरीच्या वरून कड्याचा थोडासा भाग दिसतो. परवां पुतण्याचें पत्र आलें. आषाढांत चार दगड पडले, त्यांतील तीन रात्रीं. सर्वांत मोठा नारळाएवढा, तो आंब्यापाशींच थांबला. बारापैकीं सात खिळे बाहेर दिसूं लागले आहेत, एक तर चार बोटें. रंगाच्या खुणांमधलें अंतर अजून तेंच आहे. हे सर्व आंकडे तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहून ठेवतो, आणि काकू रोज सकाळीं त्यास विचारतात, "आज किती?"